भूसंपादनाची नोटीस लागली? आम्ही काय केलं, कुठं चुकलो, आणि तुम्ही काय करायचं

आमच्या घरी नोटीस आलीच नव्हती. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर पोलिओ डोसाच्या कागदाखाली अर्धी झाकलेली होती, चुलतभाऊ घरपट्टी भरायला गेला तेव्हा त्याला आमचा गट नंबर दिसला. तोवर १९ दिवस गेले होते. हरकतीला मिळतात ६० दिवस, म्हणजे राहिले ४१, आणि त्यातले पहिले दहा दिवस आम्ही पारावर बसून शिव्या देण्यात घालवले.

मी वकील नाही. शहराच्या हद्दीला चिकटलेल्या गावात आमची २ एकर १४ गुंठे जमीन, त्यात घर आणि विहीर. त्यातली १ एकर ६ गुंठे गेली. म्हणजे प्रकल्प आम्ही थांबवला वगैरे काही नाही, ते आधीच सांगून टाकतो. पण सुरवातीला जे कागदावर लिहून आलं होतं आणि शेवटी जे मिळालं त्यात भरपूर फरक पडला, आणि तो फरक मोर्च्यात नाही पडला, आवक-जावक टेबलावरच्या शिक्क्यांनी पडला. मोर्चा काढा, जरूर काढा, पण त्या दिवशी गावातला एक माणूस हरकतीची पोच घ्यायला ऑफिसात पाठवा.

१. नोटिशीवर कायदा कोणता लिहिलाय ते आधी बघा

"जमीन घेणार" एवढं ऐकून सगळे एकाच मापानं मोजतात, इथंच पहिला घोळ होतो. नोटिशीच्या वरच्या दोन ओळीत कायद्याचं नाव आणि कलम असतं, तुमची मुदत आणि हक्क तिथून ठरतात.

२०१३ चा भूसंपादन कायदा (१ जानेवारी २०१४ पासून लागू) असेल तर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघते आणि ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत कलम १५ खाली हरकत द्यायची. राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्यांचा १९५६ चा वेगळा कायदा, तिथं हरकतीला फक्त २१ दिवस. एमआयडीसीचा १९६१ चा कायदा असेल तर आधी ३२(२) ची नोटीस येते, का घेऊ नये ते सांगा म्हणून, आणि त्यानंतर ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जमीन सरकारच्या नावावर झालीच असं धरा. म्हणून एमआयडीसीत जे काय बोलायचं ते ३२(२) च्या टप्प्यावरच. पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांत हाच एमआयडीसी कायदा वापरलाय, तेव्हा "आमच्याकडं कारखाना कुठाय" असं म्हणून गाफील राहू नका.

चौथा प्रकार शहरातल्या लोकांसाठी. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, आरक्षण पडलंय, बाग, शाळा, रस्ता, आणि महापालिका वर्षानुवर्षं ना जमीन घेते ना सोडते. यात एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि संपादन झालं नाही तर मालकानं मालकीचे कागद जोडून खरेदी सूचना द्यायची, ती दिल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची खरीखुरी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. नुसता ठराव करून ठेवला तर ते पाऊल धरत नाहीत, सुप्रीम कोर्टानं गिरनार ट्रेडर्सच्या केसमध्ये २००७ सालीच सांगितलंय.

आणि टीपी (नगररचना) स्कीम, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात चाललीय तशी. तिथं संपादन नसतंच, जमीन एकत्र करून तुम्हाला ४० टक्के आकाराचा तयार प्लॉट परत देतात. त्याचं भांडण वेगळं, प्लॉट कुठं मिळतो याचं. या लेखात पुढं मी मुख्यतः २०१३ च्या कायद्याचंच सांगतोय.

२. एक वही करा, त्यात फक्त तारखा

शंभर पानी वही, पाच-पन्नास रुपयाची. डावीकडं तारीख, उजवीकडं काय झालं. अधिसूचना कधी निघाली, पेपरात कधी आली, बोर्डावर कधी लागली (फोटो काढा, मोबाइलात तारीख येते), कोण साहेब आले, काय म्हणाले. ही वही पुढं वकिलासमोर ठेवली तर अर्ध्या तासात केस कळते, नाहीतर तुम्ही "तेव्हा बघा ज्वारी काढायला आली होती" असं सांगत बसता.

तारखा सरकारलाही बांधतात हे लोकांच्या लक्षात येत नाही. कलम ११ च्या अधिसूचनेपासून १२ महिन्यांत कलम १९ ची घोषणा व्हायला लागते, आणि घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश. नाही झालं तर प्रक्रिया रद्द होते. मुदत वाढवून घेता येते त्यांना, कोर्टाचा स्टे असेल तर तो काळही वगळतात, पण वाढवलीय का आणि कोणत्या आदेशानं, हे विचारायचा हक्क तुमचा. जुन्या १८९४ च्या कायद्यात निवाड्याची मुदत दोन वर्षं होती आणि रायगडच्या महामुंबई सेझचं (विशेष आर्थिक क्षेत्राचं) संपादन २००९ मध्ये त्यातच अडकून रद्द झालं. त्याआधी सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जिल्हा प्रशासनाला चक्क जनमत घ्यावं लागलं होतं. लोकांनी रेटून धरलं, वेळ गेला, आणि वेळच उपयोगी पडला.

३. कागद

हे एकदम गोळा करा, तीन झेरॉक्स सेट:

- सातबारा आणि ८अ, डिजिटल सहीचा
- जुने फेरफार, निदान वडलांच्या नावावर आली तिथपर्यंतचे
- मोजणीचा नकाशा (क-प्रत), नसेल तर भूमी अभिलेखला आजच अर्ज टाका
- खरेदीखत, वाटणीपत्र, वारस नोंद, बक्षीसपत्र, जे असेल ते
- घराची कर आकारणी, घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिल
- विहीर, बोअर, मोटार कनेक्शन, ठिबकच्या पावत्या
- बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर त्याचा दाखला
- आजूबाजूच्या जमिनींच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदणी खात्याचा उतारा)

शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा, का ते पुढं सांगतो.

सातबारा काढलात की पीक पाहणीचा रकाना बघा. आमच्यात ऊस होता आणि कागदावर "पड". ई-पीक पाहणी कुणी केलीच नव्हती, आमच्या घरातले आण्णा म्हणायचे "आपल्या रानात काय आहे ते सरकारला दिसत नाय का". नाही दिसत. विहिरीची नोंद पण नव्हती, आणि विहीर आजोबांनी खणलेली. नोंद नसली की बागायत जमीन जिरायत म्हणून मोजली जाते आणि दर तिथंच पडतो. कलम ११(५) प्रमाणं अधिसूचनेनंतर दोन महिन्यांत जमिनीच्या नोंदी अद्ययावत करायच्या असतात, तेव्हाच लेखी अर्ज देऊन नोंद करून घ्या.

आणि एक, अधिसूचना निघाल्यावर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. कुणी एजंट "साठेखत करू, मागची तारीख टाकू" म्हणून आला तर चहा पाजून वाटेला लावा.

४. घरातलं आधी मिटवा

हे लिहायला बरं वाटत नाही पण आमची सगळ्यात मोठी गळती इथं झाली. सातबाऱ्यावर आजीचं नाव तसंच, तिला जाऊन अकरा वर्षं झालेली. दोन आत्या, एकीनं हक्कसोड दिलेलं आणि दुसरीनं नाही, आणि हे कुणाला नीट आठवतही नव्हतं. मोबदल्याचा वाद निघाला की पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, भूसंपादनाच्या प्राधिकरणाकडं जमा होतात आणि भाऊबंदकी संपेपर्यंत तिथंच पडून राहतात. तोपर्यंत जमीन मात्र गेलेली असते.

वारस नोंद आत्ता करून घ्या. बहिणींना, आत्यांना फोन करा, नोटीस दाखवा, लपवू नका. आमच्या आत्या म्हणाल्या, "मला पैशाचं काय नव्हतं रे, तुम्ही सांगितलं नाही याचं वाईट वाटलं." त्या एका वाक्याचे आम्हाला सात महिने पडले. इतर हक्कात कुणा कुळाचं जुनं नाव असेल, जमीन वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल, तर तेही आत्ताच वकिलाला दाखवा.

५. हरकत: छापील नको, आपापली

गावात कुणीतरी एक फॉर्म टाइप करून आणतो आणि त्यावर अडीचशे लोक सह्या ठोकतात. सामूहिक निवेदन द्या, त्यानं वजन पडतं, पण प्रत्येक गटाची हरकत वेगळी द्याच. सामूहिकला उत्तरही सामूहिकच येतं, "हरकती फेटाळण्यात आल्या", विषय संपला.

हरकतीत तीन गोष्टी वेगळ्या वेगळ्या लिहा. पहिली, प्रकल्पाची गरज आणि सार्वजनिक हेतू यावर तुमचं म्हणणं. दुसरी, हीच जमीन का, शेजारी गायरान किंवा पडीक असेल तर गट नंबरासकट दाखवा. तिसरी, क्षेत्र आणि नोंदीतल्या चुका. आमच्या घराच्या मधोमध रेघ गेली होती, ओसरी आणि स्वयंपाकघर त्यांचं, मधली खोली आमची. अशा वेळी कलम ९४ लागू पडतं, घराचा तुकडा घेता येत नाही, मालक म्हणू शकतो की घ्यायचं तर पूर्ण घर घ्या. आम्ही ते हरकतीतच लिहिलं होतं म्हणून पुढं उपयोगी आलं.

प्रकल्पात खासगी कंपनी आहे का, पीपीपी (सरकार आणि खासगी भागीदारी) आहे का, हे पण विचारा. खासगीला बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि पीपीपीला ७० टक्क्यांची संमती लागते. सामाजिक परिणामांचा अभ्यास झाला का तेही विचारा, पण महाराष्ट्रानं २०१८ च्या दुरुस्तीनं बऱ्याच प्रकल्पांना यातून सूट देता येईल अशी सोय करून ठेवलीय, तेव्हा नुसतं तेवढ्यावर विसंबू नका. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार, १० रुपयाचा स्टॅम्प, ३० दिवस.

आता पोच. मी गेलो तेव्हा टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा, साहेब आले की बघतील." ठेवून आलो असतो तर संपलं होतं. मी म्हटलं, "साहेब येऊ देत, मी बसतो, पण माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर पाहिजे." पावणेदोन तास बसलो. शिक्का पुसट आला, पुन्हा मारून घेतला. तुम्हाला नाहीच दिला तर त्याच दिवशी रजिस्टर एडी करा आणि पोस्टाची पावती वहीत चिकटवा.

६. सुनावणी

तारीख आदल्या दिवशी कळेल, तयारीत राहा. बोलायला पाच मिनिटं मिळतात, म्हणून लेखी म्हणणं बरोबर न्या आणि तेच सादर करा. भावनेचं दोन वाक्यात आटपा, "आमची चौथी पिढी" हे तिथं प्रत्येक जण सांगतो. हजेरीवर सही करताना वरचा मजकूर वाचा, एका गावात हजेरीच्या कागदावर "प्रकल्पास तत्त्वतः सहमत" असं वर लिहिलेलं होतं असं ऐकलं, खरं-खोटं देव जाणे, पण वाचून सही करायला काही खर्च येत नाही.

मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोलकाता महापालिकेच्या एका केसमध्ये राज्यघटनेच्या ३००अ कलमाखाली मालकाचे सात हक्क मोजून सांगितले. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणांसकट निर्णय मिळणं, सार्वजनिक हेतू असणं, योग्य मोबदला, वेळेत काम आणि शेवटपर्यंत नेऊन प्रक्रिया संपवणं. तुमची हरकत एका ओळीत फेटाळली असेल तर हा निकाल वकिलाला दाखवा.

७. मोजणी आणि पंचनामा, या दिवशी रजा काढाच

पैसे इथं ठरतात. घराचं मूल्यांकन बांधकाम खातं, फळझाडांचं कृषी खातं, इमारती लाकडाच्या झाडांचं वनखातं करतं, आणि सगळे वेगवेगळ्या दिवशी येतात.

आमच्याकडं मे महिन्यात आले. विहिरीत डोकावले आणि लिहिलं "कोरडी". मे महिन्यात कुणाची विहीर भरलेली असते? जानेवारीतला व्हिडिओ होता मोटार चालू असलेला, साडेसात एचपीच्या कनेक्शनची बिलं होती, ती जोडून फेरपंचनाम्याचा अर्ज दिला. पाइपलाइन जमिनीखाली असते, ती कुणाला दिसणार, कुदळीनं दोन जागी उकरून दाखवली तेव्हा लिहिली. आंब्याची ११ झाडं होती, त्यातली ४ "झुडपे" म्हणून लावलेली. झाडांना चुन्यानं नंबर टाका, प्रत्येकाबरोबर बुंध्याला टेप लावून फोटो काढा. लोक हसतात, हसू द्या.

पंचनाम्यावर सही करायच्या आधी न पटलेलं तिथंच सहीखाली लिहा: "विहिरीची नोंद मान्य नाही." जागा नसेल तर समासात. आणि कोऱ्या कागदावर सही कुणीच करायची नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधी सांगून ठेवा, कारण साहेबलोक नेमके त्यांच्याकडंच जातात, दुपारी, तुम्ही कामावर असताना.

८. मोबदल्याचं गणित स्वतः करा

रेडी रेकनरचा (सरकारी मूल्यदर तक्त्यातला) दर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी, यात जास्त असेल तो बाजारभाव धरायचा. सरासरी सगळ्या खरेदीखतांची काढायची नसते, जास्त किमतीच्या वरच्या अर्ध्या खरेदीखतांची काढायची. म्हणून सूची क्रमांक २ गोळा करा म्हटलं. आम्ही २६ खरेदीखतं काढली, त्यांच्या यादीत ९ होती आणि ती कोणती ९ ते सांगायची गरज नाही.

त्याला गुणक लागतो. शहरी भागाला १, ग्रामीणला १ ते २ मध्ये सरकार ठरवेल तो. गाव महापालिकेत गेलं की गुणक १ होतो, म्हणून अधिसूचनेच्या तारखेला गाव नेमकं कशात होतं याचा कागद हातात पाहिजे. मग त्यात घर, विहीर, झाडं मिळवायची, आणि जी बेरीज येईल तेवढीच रक्कम पुन्हा दिलासा म्हणून. समजा जमीन ५० लाख, गुणक १, घर-विहीर-झाडं १० लाख. झाले ६०. दिलासा ६०. एकूण १ कोटी २० लाख. शिवाय जमिनीच्या बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, म्हणजे इथं वर्षाला ६ लाख, निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर. या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणं इन्कम टॅक्स नाही, तरी टीडीएस कापलेला बघितलाय मी, सीएला विचारा.

९. संमतीपत्र आणि थेट खरेदी

थेट खरेदीत २५ टक्के जास्त मिळतात, पैसे लवकर येतात, आणि कधीकधी तेच शहाणपणाचं असतं, उगाच ताणू नका. समृद्धी महामार्गाला बऱ्याच लोकांनी असंच दिलं. पण एकदा संमतीनं दर मान्य केला की वाढीव मोबदल्याचा दरवाजा बंद. "आत्ता सही करा, नंतर कोर्टात जाता येईल" असं सांगणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा त्याचं कमिशन आहे.

तिसरी वाटही आहे, जमीन एकत्र करून स्वतःच विकसित करायची. हडपसरला मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमिनीवर ते केलं. सगळ्या गावांना जमणारं नाही ते, आमच्या गावात तर ग्रामसभेला खुर्च्या कुणी लावायच्या यावरून वाद होतो.

१०. निवाडा झाल्यावर

पैसे घ्या, पण हक्क राखून. पावतीवर "निषेध नोंदवून, कलम ६४ चा हक्क राखून रक्कम स्वीकारत आहे" असं हातानं लिहा. निषेध न नोंदवता पैसे उचलले तर वाढीव मागता येत नाही. मग कलम ६४ चा, म्हणजे वाढीव मोबदल्याचा, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं द्या: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर ६ आठवड्यांत, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यात जे आधी संपेल ते. माझ्या ओळखीत दोघांचा अर्ज नुसता उशिरा गेला म्हणून बाद झाला. अर्ज राहूनच गेला आणि शेजाऱ्याला वाढवून मिळालं, तर कलम ७३ खाली त्या निर्णयापासून ३ महिन्यांत तुम्हीही मागू शकता.

११. कोर्ट

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकुमासाठी दावा टाकू नका. या कायद्यात दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही, कलम ६३ बघा. प्रक्रियेलाच आव्हान द्यायचं तर हायकोर्टात रिट, तेही निवाड्याच्या आधी. उशिरा गेलं की "इतके दिवस काय करत होता" हा पहिला प्रश्न येतो आणि तिथं तुमची वही कामाला येते.

जुन्या १८९४ च्या कायद्याखालचं तुंबलेलं संपादन असेल तर "पैसे मिळाले नाहीत म्हणून रद्द होतं" हे गावात अजून सांगतात. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं इंदूर विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये ते बदललं. ताबाही घेतला नाही आणि पैसेही दिले नाहीत, दोन्ही असेल तरच. आणि ताबा म्हणजे पंचनामा केला तरी पुरतो, तुम्ही आत ऊस लावत असलात तरी.

१२. ताबा देताना

पूर्ण मोबदला मिळाल्याशिवाय ताबा द्यायचा नसतो, कलम ३८. तातडीचं कलम ४० फक्त संरक्षण, देशाची सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती किंवा संसदेनं मंजुरी दिलेली दुसरी आणीबाणी यांसाठी आहे, टाउनशिपसाठी नाही. उभं पीक असेल तर काढणीपर्यंतची मुदत लेखी मागा, आम्हाला ऊस तोडू दिला.

ताब्याची तारीख वहीत लाल पेनानं लिहा. कलम १०१ प्रमाणं ताब्यापासून ५ वर्षं जमीन न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेत परत जायला पाहिजे. आमच्या १ एकर ६ गुंठ्यात सध्या कंपाउंडचे खांब आणि बाभळी आहेत. दर सहा महिन्यांनी आण्णा बांधावर उभं राहून त्या दिवशीचा पेपर हातात धरतात आणि मी फोटो काढतो.